ब्रेकचा आवाज आणि यमीचे कान

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर एका शाळेच्या व्हॅनचे ब्रेक तपासले. लोकांच्या बायका शेवटी नवऱ्याचा हात धरतात, देवाचं नाव घेतात, असं ऐकतो. माझी यमी व्हॅनच्या मागच्या सीटवर मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसली होती. ओढ्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला तशी म्हणाली, "नणंदबाई रडतायत."

मी म्हटलं, "रडू दे. नवीन हाय, दोन दिवस रडंल, मग बसंल."

"नव्याचं रडणं नाय ते."

व्हॅनवाला कैलास माझ्या शेजारी बसला होता. त्यानं मान वळवून विचारलं, "काकी, कोनची नणंद?"

"मुरबाडची," यमी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती गेली. म्हणून ती नणंद माझ्या डोक्यातून जात नाय. पण आधी ही नणंद कोण ते सांगतो, नायतर तुम्हाला वाटेल म्हातारा भरकटला.

शहापूर-मुरबाड रस्त्याला चाळीसेक वर्षं मी ब्रेकचं काम केलं. शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी पुढं ढकलला म्हणून. या लिखाणात चुका असतील त्या दिवाळी अंकवाल्यांनी काढाव्यात. शिव्या मी आधीच काढल्यात. आमच्या धंद्यात इंजिनवाल्याला मान. त्याला लोक डॉक्टर म्हणतात, चहा पाजतात. ब्रेकवाल्याला 'ए ब्रेकवाला'. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर उभी राहत नाय. आता कुठल्या बिघाडात माणूस मरतो ते तुम्हीच ठरवा.

माझे कान या कामानंच खाल्ले. पूर्वी ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, रिवेट ठोकून बसवायचे. लोखंडी ड्रम गंजून बसलेला असायचा, तो हातोडीनं बडवून काढायचा. दिवसभर मंदिरातली घंटा डोक्यात घालून फिरल्यासारखं. कान जातात ते एकदम जात नाय. जाड आवाज राहतो, बारीक जातो. ट्रक ऐकू येतो, कोंबडीची पिल्लं नाय. एका पावसाळ्यात मी ओट्यावर बसून यमीला म्हटलं, "औंदा रातकिडे कमी झाले गं." ती हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसायची थांबली.

ब्रेकचा रोग बहुतेक बारीक आवाजातच बोलतो. आणि बहिऱ्या ब्रेकवाल्याकडं गाडी कोण देईल? तुम्ही द्याल? मी तरी दिली नसती.

यावर तोड यमीनंच काढली. गाडीचं काम झालं की मी उतारापर्यंत चक्कर मारायचो, ती पिशवी घेऊन मागं बसायची. गिऱ्हाईकाला सांगायचं, बाजाराला सोडतो. आणि आमची ठरलेली भाषा. पुढचं उजवं चाक सासरा, पुढचं डावं सासू, मागचं उजवं दीर, मागचं डावं नणंद. बारीक किंचाळलं तर रडणं, लोखंड घासलं तर दात खाणं, धडधडलं तर पाय आपटणं. "सासू दात खाते" म्हटलं की मी समजायचो, पुढचं डावं पुन्हा उघडायचं. बारा वर्षं हे चाललं. गिऱ्हाईकं म्हणायची, "मिस्त्री, तुमच्या घरात लई भांडणं." एकदा माझी खरी बहीण गाडीत होती आणि यमी सवयीनं बोलून गेली, "नणंदबाई दात खातायत." बहिणीनं दोन दिवाळ्या भाऊबीज केली नाय. तिला खरं सांगता येईना आणि खोटं सुचेना.

आता ब्रेक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी. पुढच्या चाकाबरोबर लोखंडाची एक थाळी फिरते, ती डिस्क. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही अंगांनी चिमटा काढतात. मागच्या चाकात बऱ्याच गाड्यांना लोखंडाचं पातेलं असतं, तो ड्रम. त्याच्या पोटात दोन शू असतात, ते आतून बाहेर दाबतात. झालं. चिमटा आणि दाब. बाकी सगळी शोभा.

आवाजाची बरीच गिऱ्हाईकं रोगाची नसतात, वहमाची असतात. एक गुरुजी दर सोमवारी यायचे. घरून निघताना गाडी खरखरायची, माझ्या दारात येईपर्यंत गप. "मिस्त्री, घरी ओरडते आणि तुमच्यासमोर साधूसारखी."

यमी म्हणाली, "गुरुजी, शाळेत साहेब आला की पोरं पन गप बसतात. गाडी तुमचीच ना."

गाडी शनिवार-रविवार आंब्याखाली दमट हवेत उभी. लोखंडाच्या थाळीला नुसत्या ओलीनं तांबूस गंज धरतो, तव्याला धरतो तसा. सोमवारी पहिले चार ब्रेक तो गंज खरवडून काढतात, त्याची खरखर. पाचव्याला थाळी चकचकीत. औषध काय? काही नाय. गुरुजींना ते पटेना. काहीतरी केल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाय. शेवटी मी चाक काढलं, फडक्यानं पुसलं, परत लावलं. गुरुजी म्हणाले, "आता कसा फरक पडला!"

दुसरा एक आसनगावचा. स्टेशनला गाडी लावून लोकलनं कल्याणला नोकरीला जाणारा, कायम घाईत, गळ्यात पासाची दोरी. त्याच्या गाडीची सासू रडत होती. चांगल्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आलं की ती थाळीला लागते आणि मुद्दाम किंचाळते. तिचं काम तेवढंच. म्हणते, बाबा, पॅड बदल. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता टाइम नाय हो. ती जीभच कापून टाका ना."

यमी मागून म्हणाली, "घरात बायको बोलली तर काय कापता?"

"काकी, हेडफोन लावतो."

मी कापली नाय. त्यानं दुसरीकडं जाऊन वाकवून घेतली. दीड-दोन महिन्यांनी आला तेव्हा चाकातून दगडी जात्याचा आवाज येत होता, तो मलासुद्धा ऐकू आला. पॅड संपून लोखंडावर लोखंड. थाळीवर नांगर फिरवल्यासारख्या रेघा. वर मलाच म्हणतो, "मधे तर आवाज बंद झाला होता." आवाज बंद झाला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं. मेलेला माणूसही कण्हत नाय.

आणि डोळखांबच्या बाजूचा भगत. हा दुसऱ्यांची भुतं काढणारा. यानं जुनी गाडी घेतली आणि भूत तिच्याच चाकात शिरलं. मनात येईल तेव्हा किंकाळी, ब्रेक दाबा नाय तर न दाबा. वळणावर जास्त. त्यानं आधी स्वतःचे सगळे इलाज केले. लिंबू झालं, बिब्बा झाला, कोंबडं झालं. मग तोंड लपवत माझ्याकडं आला.

मी विचारलं, "कोंबडं कोणी खाल्लं?"

"देवानं."

"आणि रस्सा?"

"मिस्त्री, तुमी चाक बघा."

थाळीच्या मागं धूळ अडवायला पातळ पत्रा असतो. कच्च्या रस्त्यावरचा तुरीच्या दाण्याएवढा खडा उडून त्या दोघांच्या मधे बसला होता. थाळी फिरली की तो पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा किंचाळायचा. मी स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरा मागं ओढला, खडा खाली पडला. भगतानं तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "दादा, हे कुणाला सांगू नका, माझा धंदा हाय." मी तालुकाभर सांगितलं. आता दिवाळी अंकातही आलं. तो अजून आहे, वाचेल. वाच रे बाबा.

पावसाळी सहलवाल्यांबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. माळशेज घाट गिअरवर उतरायचा तर हे ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. थाळी तव्यासारखी तापते. खाली आले की गाडी धबधब्याच्या पाण्यात घालतात, वर बादल्या मारतात. तापलेल्या तव्यावर पाणी मारून बघा, तवा वाकतो. मग ब्रेक दाबला की पायाखाली पेडल धडधडतं आणि हे म्हणतात, "अंकल, कालच सर्व्हिसिंग केलीय." यमी म्हणायची, "सासू-सासरे दोघंही पाय आपटतायत, आंघोळ घातली वाटतं."

आता मूळ गोष्ट. नव्या शूचाही आवाज येतो. शू नवीन असला की ड्रमला सगळ्या अंगानं टेकत नाय. दोन-चार दिवस घासून घासून तो ड्रमच्या आकारात बसतो, तोवर कुरकुरतो. हे खरं आहे. आणि खरं आहे म्हणूनच घातकी आहे. आम्हा मिस्त्र्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य कुठलं? "नवीन हाय, बसंल." आळस आला, भूक लागली, काम फसलं, सगळं त्या एका वाक्याखाली झाकलं जातं. माझ्या आयुष्यात ते मी हजारदा म्हटलं असेल, आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं.

कैलासच्या व्हॅनचे मागचे शू त्या दिवशी मीच बदलले होते. एकट्यानं, माझ्या हातानं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाड्यापाड्यातून पोरं गोळा करून शाळेत न्यायची होती. यमीनं "नणंद" म्हटलं तेव्हा मी गाडी थांबवून ड्रम काढायला हवा होता. बारा वर्षं तसंच केलं होतं. पण त्या दिवशी मला राग आला. चाळीस वर्षांचा माझा हात, आणि ही मागं बसून त्याला नापास करते. कैलासला किल्ली दिली आणि पाठवून दिला.

संध्याकाळी ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बिडी ओढत.

"अवो, ती गाडी परत बोलवा."

"सकाळी बोलवतो."

"सकाळी पोरं बसतील तिच्यात."

"यमे, तो शू नवीन हाय."

"नव्या शूचा आवाज सारखा येतो. हा चाकाच्या एकेका फेऱ्याला येतोय. रडते, गप व्हते, परत रडते. कायतरी सुटलंय आत."

"तू लावला व्हतास का मी?"

"तुमी लावला व्हतात," ती म्हणाली. "म्हनून तर सांगते. दुसऱ्यानं लावला असता तर तुमी एव्हाना उघडला असता."

मी बिडी विझवली आणि तोंड फिरवून बसलो. ती शेंगांचं सूप घेऊन उठली, उंबऱ्यापाशी म्हणाली, "जरा बसते गो बाई," आणि बसली. सूप हातातून सुटलं नाय, अलगद खाली ठेवलं. डॉक्टर आला तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं. हृदय बंद पडलं म्हणाला.

लेक नाशिककडं दिलेली. ती येईपर्यंत थांबायचं, सकाळी न्यायचं, असं माणसांनी ठरवलं. मधली रात्र कशी गेली मला माहीत नाय, आणि माहीत असती तरी इथं लिहिली नसती.

सकाळी उजाडलं तेव्हा मी अंगणात बसलो होतो. भाऊबंद बांबू कापत होते. बायका आत. कोणीतरी मला चहा दिला होता, तो तसाच. समोर रस्त्याच्या कडेला युनिफॉर्म घातलेली दोन पोरं पाठीला दप्तरं लावून उभी होती. आमच्या अंगणात बघायची आणि पुन्हा रस्त्याच्या वळणाकडं. कैलासच्या व्हॅनची वाट बघत होती.

मी उठलो. कैलासला फोन लावला, लागला नाय. पाड्यांवर रेंज नसते. हत्यारांची पिशवी घेतली, पुतण्याच्या मोटारसायकलला किल्ली होतीच. धाकटा भाऊ आडवा आला.

"दादा, कुठं?"

"व्हॅन उघडायचीय."

"आरे मयत घरात हाय! डोकं फिरलं का तुझं? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे."

व्हॅन मला उताराच्या अलीकडं सपाटीवर गाठता आली. मी मोटारसायकल आडवी टाकली आणि हात वर करून रस्त्यात उभा राहिलो. कैलासनं ब्रेक मारला, गाडी तिरकी होत थांबली. आत नऊ पोरं.

तो धावत आला. "दादा, मला कळलं. पोरं सोडून मी येनारच होतो..."

"पोरं उतरव."

"दादा, तुमी घरी चला, मी सोडतो..."

"कैलास, पोरं उतरव म्हनतो ना!"

पोरं रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर ओळीनं बसली. मी जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं, ड्रमला हातोडी मारली. ड्रम सुटला तसा आतून स्प्रिंग रस्त्यावर पडली, तिच्यामागून पत्र्याची वाटी घरंगळत गेली.

शू जागेवर धरून ठेवायला खिळ्यासारखी एक पिन असते, तिच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर वाटी. वाटी दाबायची आणि पाव फेरा फिरवायची, म्हणजे पिनेचं डोकं तिच्यात अडकतं. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. मी दाबली होती, फिरवली नव्हती. शू दारुड्यासारखा कलला होता आणि त्याची कड दर फेऱ्याला ड्रमला घासत होती. ती वाटी उतारावर शू आणि ड्रमच्या मधे गेली असती तर ते एकच चाक जागच्या जागी आवळलं असतं. उताराच्या तळाला वळण आहे आणि वळणाच्या बाहेर ओढा.

कैलासनं वाटी उचलून आणली. तिच्याकडं बघितलं, कठड्यावरच्या पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी म्हटलं, "माझी चूक. काल काकीनं सांगितलं, मी ऐकलं नाय."

"काकीनं? काकीला काय कळतं ब्रेकमधलं?"

"मला ऐकू येत नाय, कैलास. बारीक आवाज बिलकुल नाय. बारा वर्षं तुमच्या सगळ्यांच्या गाड्या तीच पास करत होती."

त्यानं मला पान्हा दिला. मी पिन बसवली, स्प्रिंग, वाटी, दाबली, फिरवली, पकडीनं ओढून बघितली. दुसऱ्या बाजूचं चाकही उघडून बघितलं, ते बरोबर होतं. मग कैलासला मागं बसवलं आणि मी गाडी उतारावर घातली.

"काय?"

"काय नाय, दादा."

"नीट ऐक. काच खाली कर."

"गप हाय."

तीन वेळा उतार उतरलो आणि तीन वेळा तेच विचारलं. मग पोरं गाडीत बसली. एक पोरगी चढता चढता म्हणाली, "आजोबा, लेट झाला. बाईंना काय सांगू?"

"सांग, ब्रेकवाल्यानं काम चुकवलं म्हनून."

व्हॅन उतार उतरून वळणापलीकडं दिसेनाशी झाली तोवर मी रस्त्यातच उभा होतो. मग घरी आलो. लेक पोचली होती. अंगणातली माणसं माझ्याकडं बघत नव्हती. भाऊ तेवढा म्हणाला, "झालं का तुझं काम?"

"झालं."

लेकीनं माझे हात बघितले आणि न विचारता बादली आणली, वर धुण्याची पावडर टाकली. घासघास घासले. नखातलं आणि भेगांतलं काळं काही निघालं नाय. भाऊ म्हणाला, उशीर होतोय. मग तसेच हात बांबूला लावले आणि यमीला उचललं.